प्याल्याची कड

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात हात घालून मी चिठ्ठी काढली आणि सुनेपुढं धरली. छापलेलं ठळक अक्षर मला लागतं, हातानं लिहिलेलं लागत नाही. एस्तेरनं चिठ्ठी उलगडली, वाचली, पुन्हा घडी घातली आणि माझ्याच मुठीत ठेवली.

"काय आहे गं?"

"घरी सांगते, आत्या."

"घरी कशाला? स्थळ आलंय काय माझं?"

मागं बायका हसल्या. पाळक पारधे डबा धरून पुढं उभे होते. तिशीतला माणूस, आवाज मऊ, पण एकदा काही मनात घेतलं की बैल बसावा तसा बसायचा, शेपूट पिरगाळली तरी उठायचा नाही. "सगळ्यांनी मोठ्यानं वाचलंय, एस्तेरताई," ते म्हणाले. "तुम्हीपण वाचा."

एस्तेरनं माझ्याकडं न बघता वाचलं. "सगुणाबाई शिरसाठ. पाटापलीकडं."

बायकांचं हसणं थांबलं. चर्चमध्ये पंखा एकच होता, त्याची कुरकुर तेवढी राहिली.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं होतील. ईस्टरनंतरचा पहिला रविवार होता तो. आदल्या रविवारी अंधारातच ढोलकी-झांज घेऊन आम्ही दफनभूमीपर्यंत गात गेलो होतो, प्रभू उठला म्हणून गळे बसवून घेतले होते, दुपारी प्रीतिभोजनाला पोटभर जेवून घरोघर आडवे झालो होतो. सण झाला, संपलं. आणि या रविवारी पाळकांनी उपदेशात विचारलं, "प्रभू उठला, तेव्हा त्याचे शिष्य काय करत होते?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"दार लावून बसले होते. आपलंही तेच चाललंय. आपल्या मंडळीतली सात घरं तीन वर्षं इथं पाऊल टाकत नाहीत. कुणी जाऊन विचारलं?"

मग त्यांनी दोन डबे काढले. एकात आमची नावं, दुसऱ्यात त्या सात घरांची. दोघादोघांची जोडी निघणार, जोडीला एक घर निघणार. पन्नासाव्या दिवसापर्यंत, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत, जाऊन यायचं. त्या दिवशी प्रभुभोजन. जाऊन काय बोलायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही. "बसा, पाणी प्या, ऐका," एवढंच म्हणाले.

सगळ्या मंडळीतनं देवाला जोडी लावायला सासू-सूनच सापडली. तेही एक वेळ चाललं असतं. पण घर सगुणाचं निघालं.

ती सात घरं का तुटली, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दफनभूमीच्या भिंतीच्या वर्गणीवरनं बिनसलं, असं सगळे सांगत. मीही सांगायचे, दोन वाक्यं जास्तच घालून. खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरी जिच्या दारात मला आता सुनेला घेऊन उभं राहायचं होतं ती. सगुणानं तोंड उघडलं की माझा प्याला गेला, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं.

माझा प्याला म्हणजे प्रभुभोजनाचा रस करायचा मान. माझ्या सासूकडनं तो मला आला. शनिवारी काळ्या मनुका धुऊन भिजवायच्या, पितळेच्या पातेल्यात उकळायच्या, धुवट पंच्यातनं पिळून गाळायच्या. तीस वर्षं दुसऱ्या बाईचा हात त्याला लागू दिला नव्हता. एकदा बाळंतीण होते, तरी खाटेवर बसून मी पातेल्याकडं बघत होते. तबिथाबाई आल्हाट हे नाव गावात मोठं होतं ते काही शेतावाडीनं नव्हतं, त्या पातेल्यानं होतं.

उपासना सुटल्यावर मी पाळकांना गाठलं.

"साहेब, माझे गुडघे."

"काय झालं गुडघ्यांना?"

"पाटापलीकडं म्हणजे दीड मैल. त्यात चढ-उतार."

"बुधवारी बाजारात दिसलात, मावशी. डोक्यावर टरबूज होतं."

"बाजार सपाटीला आहे."

"मी सायकलवर सोडतो मग."

"विधवा बाई मी, पाळकाच्या मागं सायकलवर बसून पाटापर्यंत जाऊ? गावाला वर्षभर पुरेल." मी आवाज उतरवला. "त्यापेक्षा चिठ्ठी बदलून द्या. लूकतात्याला निघालेलं घर रस्त्यावर आहे."

"मावशी, चिठ्ठी लिहिली मी, काढली तुम्ही. शास्त्रात बाराव्या शिष्याची जागा भरायची होती, तेव्हाही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या."

"त्याच्याबरोबर सून दिली नव्हती," मी म्हणाले आणि चालू लागले.

पुढच्या रविवारी लूकतात्या उभे राहिले. मंडळीतले पंच, पांढऱ्या टोपीचे, घसा खाकरल्याशिवाय वाक्य न सुरू करणारे. ते जाऊन आले होते. चहा प्यायले, म्हणाले, म्हशीबद्दल बोलणं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी दोन जोड्या उभ्या राहिल्या. पाळक दर वेळी सगळ्यांचं ऐकून घेत, आणि शेवटी त्यांची नजर आमच्या बाकावरनं जाई. थांबत नसे. थांबली असती तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

घरात माझं बूड टिकेना. पाखडलेली ज्वारी पुन्हा पाखडली. पापड उन्हात टाकले आणि उन्हं उतरायच्या आत तीनदा हलवले. जेवायला बसले की उठावंसं वाटे, उठले की कशाला उठले ते आठवेना. रोज दोन वेळा अंगण झाडणारी मी चार वेळा झाडू लागले.

"आत्या, अंगण झिजेल," एस्तेर म्हणाली.

"तुझ्या बापाचं आहे का?"

"केरसुणी तर झिजेल. बाजारची आहे, तकलादू." मग जरा थांबून, "पूर्वी सगुणामावशीकडनं यायची, ती वर्ष वर्ष टिकायची."

मी केरसुणी टाकली आणि पाणी प्यायला आत गेले. ही माझी सून श्रीरामपूरची, दहावी पास. तिला कुठं बोट ठेवायचं ते नेमकं कळे. ते कळण्याबद्दलच मी तिला पसंत केली होती, पण तेव्हा मला वाटलं होतं की ती बोट दुसऱ्यांवर ठेवील.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, तिनं माझ्या चपला उंबऱ्यापुढं आणून ठेवल्या. सरळ, जायच्या दिशेनं.

"आज," ती म्हणाली.

"आज मला धुणं आहे."

"धुतलं."

"दळण..."

"टाकून आले. आत्या, सहा जोड्या गेल्या. आपली राहिलीय. लोक मला विचारतात, तुझ्या सासूला सगुणाबाईचं भ्या वाटतं का म्हणून."

"कोण विचारतं?"

"सगळे."

मी चपला घातल्या.

ऊन नऊलाच चढलं होतं. पाटाला आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ. पुलाच्या अलीकडं एक बाभूळ आहे, तिच्या खाली आल्यावर माझे पाय थांबले. गुडघ्यांचं निमित्त होतं, पण गुडघे ठणठणीत होते.

"एस्तेर, तिथं ती काही बोलली तर तू मध्ये पडू नकोस."

"काय बोलणार आहे ती?"

मी खाली बसले. एक खडा घेऊन पाण्यात टाकला. तिथं जाऊन तिच्या तोंडून कळण्यापेक्षा आधी माझ्या तोंडून कळावं, एवढी अक्कल मला होती.

"तीन वर्षांमागच्या ईस्टरला," मी म्हणाले, "प्रभुभोजनाच्या ओळीत सगुणा माझ्या डाव्या हाताला आली."

आमच्याकडं तेव्हा प्याला एकच होता, आणि तो हातोहात जायचा. ओळीनं गुडघे टेकायचे. पाळक पहिल्याच्या हातात प्याला देत, तो प्यायला की शेजारच्याला देई, असा शेवटपर्यंत. कुणी कुठं बसावं याचा नियम नव्हता. पण आमच्या आळीतले आधी बसत आणि त्या आळीतले नंतर, हे न सांगता ठरलेलं होतं. सगुणाच्या सासरचे आजे-पणजे दोर वळायचे, शिंदीचे फडे, म्हणजे केरसुण्या, बांधायचे. आमचे गावकीचा सांगावा घेऊन पळायचे. दोघंही गावकुसाबाहेरचेच, दोघांच्याही सावलीचा गावाला विटाळ. पण बाहेरच्यांतही वरखाली असतं. प्रभूकडं आलो एकाच पाळकाच्या हातून, एकाच वर्षी, आणि येताना ते वरखाली पदराच्या गाठीला बांधून आलो.

"त्या दिवशी ती उशिरा आली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिनं तिथंच गुडघे टेकले. ती प्याली, मला प्याला दिला. मी पदरानं कड पुसली. मग प्याले."

"एवढंच?"

"एवढंच." मी आणखी एक खडा टाकला. "गोल फिरवून पुसली. दोनदा."

"कुणी बघितलं?"

"कोण बघणार? सगळ्यांचे डोळे प्रार्थनेत मिटलेले. पण प्याला दुसऱ्याच्या हातात देताना डोळे उघडावेच लागतात. तिचे उघडे होते."

एस्तेरची नजर माझ्या पदरावर गेली. तेव्हा मला बोलावं लागलं.

"कडेला मिश्री लागली होती तिची. काळी. बघवेना."

एस्तेर पाटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, मिश्री तर तुम्हीपण लावता. तव्यावर भाजून तुमची डबी मीच भरून देते."

"मग?"

"ओळीत मी नेहमी तुमच्यानंतर असते. मला तर रसाला कायम मिश्रीचा वास येतो. मला वाटायचं तो तसाच असतो."

माझ्या आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसं दोनच झाली. एक माझी सासू. दुसरी ही.

सगुणाचं घर पाटाला लागून, पुढं पत्र्याची पडवी. ती पडवीत शिंदीच्या पानांत बसली होती. पायाच्या अंगठ्यात सुतळी अडकवून फडा आवळत होती. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात नवऱ्या म्हणून आलो, पण ती अजून दोरीसारखी ताठ होती आणि मी भरले होते. ती उठली नाही.

"या, तबाबाई. पाट वलांडून आलात. पाय भिजले का?"

"पूल आहे ना."

"हाय का? तीन वर्सं कुणी आलं न्हाई, मला वाटलं वाहून गेला."

एस्तेर पटकन खाली बसली. "सगुणामावशी, पाणी द्या. घसा वाळला."

सगुणानं माठातनं तांब्या भरून दिला. एस्तेर वरनं न ओतता तोंड लावून प्यायली आणि तांब्या खाली ठेवला. मग सगुणा आत गेली आणि स्टीलचा नवा पेला घेऊन आली. चुलीतली राख घेतली. माझ्यासमोर बसली आणि पेला घासू लागली. कड घासली. गोल फिरवून. दोनदा. धुतला, उन्हात धरून बघितला, माठातनं भरला आणि माझ्यापुढं ठेवला.

"घ्या. सोच्छ हाय."

ते पाणी मी कसं प्यायले, ते मला ठाऊक. ते संपेपर्यंत तिनं माझ्यावरची नजर काढली नाही.

"पाळकानं काय सांगून धाडलंय?" तिनं विचारलं. "आना तिला चर्चला म्हणून?"

"ऐकून या म्हणाले."

"मग मी काय सांगू? सांगायचं तुमच्यापाशी हाय."

मी बोर्डिंगात दोन इयत्ता शिकले होते. तेवढ्यावर 'हाय-न्हाई' सोडून 'आहे-नाही' म्हणू लागले होते आणि आळीतल्या बायकांना त्यावरनं बोलायचे. त्या घडीला माझ्याजवळ ना धड हे शब्द होते, ना ते.

"सगुणा," मी म्हणाले, "त्या दिवशी कडेला मिश्री नव्हती."

एस्तेरनं झटकन माझ्याकडं बघितलं.

"मला ठाऊक हाय," सगुणा म्हणाली. "त्या महिन्यात माझ्या दोन दाढा काढल्या व्हत्या. डाक्टरनं मिश्री बंद केली व्हती. मी लावतच नव्हते." तिनं फडा पुन्हा अंगठ्यात घेतला. "मी घरी येऊन आरशात बघितलं, तोंडाला काय लागलंय म्हणून. आधी तेच केलं."

"कुणाला बोलली नाहीस."

"काय बोलू? आळी इचारायची, का सोडलं चर्च? मी म्हणायचे, भिंतीचं बघा आधी. मी थांबले तशा माझ्या जावा थांबल्या, मग बाकीचे. केलं तू, तबा. लाज मला वाटली. आन तू गावभर भिंतीचं सांगत फिरली."

पहिल्यांदाच ती मला तबा म्हणाली, अहोजाहो सोडून. मला राग आला नाही, याचंच मला नवल वाटलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"हां." तिनं सुतळी दातानं तोडली. "हितं चुकलं म्हणायला काय लागतं? हितं तू, मी आन ही पोर. पुसलं कुठं व्हतं?"

"चर्चमध्ये."

"मग?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"मी येईन," सगुणा म्हणाली. "पण रस मी करीन. माझ्या पातेल्यात, माझ्या हातानं. आन तू उभं राहून सांगायचं, रस कुणी केलाय. का केलाय तेबी सांगायचं. मग कोण पितं ते बघू."

"रस आमच्या घरचा मान आहे, सगुणा. सासूनं दिलेला."

"व्हय. म्हणूनच मागते. तुझी जुनी चप्पल मागून काय करू?"

वाटेनं मी एस्तेरला म्हणाले, हे जमणार नाही. पुलावर पुन्हा म्हणाले. घरी पोचल्यावर चप्पल काढता काढता तिसऱ्यांदा म्हणाले. ती नुसती हुं करत राहिली, आणि मला तिच्याशी भांडायचं होतं तर भांडणाला टोक सापडेना.

पुढचे नऊ दिवस मी कशी राहिले ते विचारू नका. मनात पन्नास उत्तरं केली. सगुणाचा हट्ट आहे. चर्च काय तिच्या सासऱ्याचं आहे? लोक प्यायचे नाहीत, आणि प्रभुभोजनात लोक प्यायले नाहीत तर ते पाप कुणाच्या माथी? हे शेवटचं उत्तर मला फार आवडलं. ते घेऊन मी पाळकांकडं गेले.

ते गव्हाण साफ करत होते. सगळं ऐकून घेतलं. पुसण्याचंही मी सांगितलं, म्हटलं आता किती लपवू. त्यांनी हातातला खराटा भिंतीला टेकवला.

"लोक प्यायले नाहीत तर?" मी विचारलं.

"तर कळेल की आपण दार लावून बसलोय," ते म्हणाले. "आज ते कळत नाही एवढंच."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय, मावशी?"

त्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखं माझ्याजवळ फक्त पितळेचं पातेलं होतं.

शनिवारी सकाळी मी पावशेर काळ्या मनुका फडक्यात बांधल्या आणि एकटीच पाटापलीकडं गेले. सगुणानं पुरचुंडी सोडून मनुका हातात घेतल्या, चिमटून बघितल्या.

"बऱ्या हायेत."

"धुऊन भिजवायच्या. मग पाणी मनुकांच्या वर चार बोटं..."

"बस तिथं."

मी चुलीपासून दोन हातांवर बसले. माझे हात मांडीवर वळवळत होते. तिनं ॲल्युमिनियमचं पातेलं चढवलं, तेही मला सोसवेना. मग डब्यातनं दोन लवंगा काढल्या.

"लवंग?" मी म्हणाले. "लवंग कधी घातलेली नाही."

"रस माझा हाय का तुझा?"

"प्रभूचा आहे."

"मग त्याला आवडंल."

पेंटेकॉस्टच्या रविवारी चर्च भरलं. सगुणा आली, तिच्या दोन्ही जावा आल्या, आणि आळीतली आणखी दोन घरं पोराबाळांसह आली. दोन घरं आली नाहीत. ती पुढं कधीच आली नाहीत, तेही सांगते. आलेले सगळे मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, बाकं रिकामी असून.

पाळकांनी भाकर मोडली. प्याल्यावरचा रुमाल काढला आणि माझ्याकडं बघितलं.

मी उठले. लग्नात, मयतात, पंचांच्या बैठकीत मी इतकी बोलले होते की लोकांना मला बस म्हणावं लागायचं. त्या दिवशी पहिलं वाक्य मी मनात दोनदा म्हणून घेतलं. बाकाची पाठ धरली.

"आजचा रस मी केलेला नाही," मी म्हणाले. "सगुणाबाई शिरसाठनं केलाय. तिच्या घरी, तिच्या पातेल्यात. तीन वर्षांमागं याच ठिकाणी तिच्या हातचा प्याला मी पदरानं पुसून प्याले. भिंतीचं तुम्हाला सांगत आले ते खोटं. ही घरं भिंतीनं गेली नाहीत. माझ्या पदरानं गेली."

लूकतात्यांनी घसा खाकरला, पण वाक्य काही आलं नाही. आमच्या आळीतल्या बायका एकमेकींकडं बघेनात. पंखा कुरकुरत होता.

"ज्याला प्यायचा नाही, त्यानं ओळीत येऊ नये," मी म्हणाले. "पण का येत नाही ते उभं राहून सांगावं. मी सांगितलं तसं."

कुणी उभं राहून सांगितलं नाही. दोघं मात्र बसल्या जागचे हलले नाहीत. त्यांची नावं घेत नाही, त्यांची नातवंडं माझ्या दारावरनं शाळेत जातात. लूकतात्या उठले. त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली आणि ओळीत सगळ्यात आधी गुडघे टेकले. मग बाकीचे उठले.

मी पदर डोक्यावरनं घेतला आणि त्याचं टोक कमरेला खोचलं. घट्ट, दोन वेढे देऊन. हाताचा मला भरवसा नव्हता. ज्या हातानं एकदा पुसलं, तो हात न विचारताच तिकडं जातो.

सगुणा मागच्या भिंतीपासनं चालत आली आणि माझ्या डाव्या हाताला टेकली. उजव्या हाताला एस्तेर. प्याला लूकतात्यांपासून निघाला, एकेक करत येत राहिला. सगुणाच्या हातात आला. ती प्याली. सावकाश, ओठ लावून. मग माझ्याकडं वळली.

डोळे मी मिटले नव्हते. तिनंही नाही.

प्याल्याच्या कडेला काळी रेघ होती. मिश्रीची, ओली, बोटभर. या वेळी खरीच.

माझा उजवा हात कमरेकडं गेला. पदराच्या वेढ्याला अडकला आणि तिथंच राहिला. मग मी तो हात प्याल्याला लावला. प्याला फिरवला नाही. जिथं रेघ होती तिथंच ओठ लावले आणि प्याले. आधी तंबाखूचा कडवटपणा जिभेला लागला, मग मनुका, मग मागनं लवंग. रस चांगला झाला होता. माझ्यापेक्षा चांगला. हे मी सगुणाला ती मरेपर्यंत सांगितलं नाही.

मी प्याला एस्तेरला दिला.

उपासना सुटल्यावर दाराशी चपलांचा ढीग होता. आम्ही दोघी आपापल्या चपला शोधत वाकलो होतो. डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ.

"डाक्टरनं मिश्री अजून बंदच ठेवलीय," सगुणा चप्पल पायात सरकवत म्हणाली. "आजच्यापुरती लावली व्हती."

मी सरळ झाले. पदराचा वेढा सोडला, झटकला आणि खांद्यावर घेतला.

"पुढच्या वेळी लवंग एकच घाल," मी म्हणाले.